अंगणातला माळ

आम्ही दोघेही एका तालुक्याच्या गावी महाविद्यालयात मराठी शिकवतो. गाव माणदेशाच्या पट्ट्यातले. सह्याद्रीने ढगांचे भरभरून माप घेतल्यावर जे उरते, ते आमच्या वाट्याला येते. वर्षाकाठी जेमतेम पाचशे मिलिमीटर, तेही लहरीप्रमाणे. याला वाळवंट म्हणता येणार नाही. भूगोलाच्या पुस्तकात याचे नाव अवर्षणप्रवण प्रदेश. सरकारी दप्तरात इथल्या कितीतरी जमिनीपुढे 'पडीक' असा शेरा असतो, आणि बोलीत त्याच जमिनीला 'माळ' म्हणतात. एकाच भूमीची ही तीन नावे आम्हांला बरीच वर्षे माहीत होती. त्या तिन्हींत किती अंतर आहे, हे मात्र कळायला एक हिरवळ वाळावी लागली आणि जोधपूरपर्यंत जाऊन यावे लागले. त्याचीच ही हकिकत.

घर बांधले तेव्हा पुढे अर्धा गुंठा जागा मोकळी राहिली. तिथे बाग करायची हे ठरलेलेच होते. बाग म्हणजे काय, याविषयी आमच्या मनात यत्किंचितही संदेह नव्हता. पुण्याच्या एका रोपवाटिकेतून हिरवळीचे चौकोन आणले, कडेने क्रोटन लावले, कोपऱ्यात गुलमोहर, फाटकावर बोगनवेल. खाली मुरूम लागला म्हणून दोन ट्रॉल्या काळी माती आणून पसरली. पहिली तीन वर्षे पाहुणे येऊन वाहवा करीत. इतक्या रखरखाटात इतकी हिरवाई, असे कुणी म्हणाले की आम्ही विनयाने मान खाली घालीत असू. त्या विनयात अभिमान किती होता, हे आज सांगायला संकोच वाटत नाही.

2016 च्या उन्हाळ्यात तो अभिमान उतरला. सलग दुसऱ्या वर्षी पाऊस हुकलेला. गावात आठ-दहा दिवसांनी पाणी येई. आम्ही टँकर विकत घेत होतो आणि त्यातले निम्मे पाणी हिरवळीला जात होते. एका सकाळी रबरी नळी हातात असतानाच फाटकासमोरून आमची एक विद्यार्थिनी डोक्यावर एक आणि कमरेवर एक घागर घेऊन गेली. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात ती सतत गैरहजर होती आणि वर्गात आम्ही तिला त्याबद्दल चार शब्द सुनावले होते. तिने आमच्याकडे पाहिले, नळीकडे पाहिले, आणि नेहमीच्या आदराने म्हणाली, "नमस्कार मॅडम, नमस्कार सर." त्या नमस्कारात उपरोध नव्हता. असता तर बरे झाले असते. आम्ही नळ बंद केला. महिन्याभरात हिरवळ वाळून तिची चटई झाली. पुढच्या पावसाळ्यातही ती पुन्हा लावण्याचे धैर्य आमच्यात उरले नव्हते.

खरे तर प्रश्न केवळ पाण्याचा नव्हता. आम्ही वर्गात निसर्गकविता शिकवतो. त्या कवितांतला निसर्ग बव्हंशी ओला असतो. श्रावण, हिरवे गालिचे, झुळझुळते ओढे, केतकी, बकुळ, प्राजक्त. समोर बसलेली मुले ज्या वाटेने येतात, त्या वाटेवर हिवर, बोरी, तरवड आणि रुई असते. कवितेत ती क्वचितच येतात, आणि आली तरी बहुधा दैन्याची खूण म्हणून. गद्याने हे ऋण थोडेफार फेडले आहे. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' याच मुलखातली, आणि तिच्यातला माळ हा देखावा नसून जगण्याची अट आहे. पण अखेरीस दुष्काळ तिथली माणसे पांगवतो, आणि वाचकाच्या मनात माळ म्हणजे सोडून जाण्याची जागा असेच समीकरण उरते. आम्हीही तेच शिकवत आलो होतो. अंगणात हिरवळ लावताना आम्ही तेच वाचन मातीत उतरवले होते, इतकेच.

जोधपूरला जाणे झाले ते 2017 च्या फेब्रुवारीत, एका चर्चासत्राच्या निमित्ताने. निबंधवाचन उरकले आणि मेहरानगड पाहायला गेलो. किल्ल्याच्या पायथ्याशी 'राव जोधा डेझर्ट रॉक पार्क' अशी पाटी दिसली. वाळवंटातले उद्यान म्हणजे कुंड्यांत मांडलेली निवडुंगे असतील, अशी आमची अपेक्षा होती. आत गेलो तर निवडुंग एकही नाही. कॅक्टस कुळाचे जवळजवळ सगळे गणगोत अमेरिका खंडातले, हे तिथे प्रथम ध्यानात आले. आपण ज्याला फड्या निवडुंग म्हणतो आणि वैराणतेचे चित्र काढताना हटकून ज्याची पाने रंगवतो, तोही परदेशातून आलेला. शहरातल्या रोपवाटिका 'वाळवंटी बाग' म्हणून जे विकतात, ती बहुतांशी मेक्सिकोची बाग असते. आपला देशी तो थोर. मोडला की दूध गळते, निवडुंगातून गळत नाही. दिसायला दोघे सारखे, पण रक्ताचे नाते नाही. सारख्या संकटाने दोघांना सारखी चण दिली आहे.

त्या उद्यानाची कथा ऐकण्यासारखी आहे. सुमारे सत्तर हेक्टरांचा तो खडकाळ उतार 2006 पर्यंत वेड्या बाभळीने व्यापलेला होता. तिथे तिला बावळिया म्हणतात. मूळची अमेरिका खंडातली ही झुडपे विसाव्या शतकात मारवाड हिरवे करण्याच्या हेतूने आणली गेली. 1930 च्या दशकात तिचे बी विमानातून फेकले, असे तिथे सांगतात. हिरवाई झाली, पण तिच्याखाली दुसरे काही उगवेना. मेहरानगडच्या न्यासाने हे क्षेत्र मूळच्या रूपात आणण्याचे काम वृक्ष-अभ्यासक प्रदीप कृष्ण यांच्याकडे सोपवले. दिल्लीच्या वृक्षांवरचे त्यांचे पुस्तक त्याच वर्षी आले होते. बावळिया तोडली तरी बुंध्यापासून पुन्हा फुटते, आणि मुळे तर ज्वालामुखीतून घडलेल्या कठीण रायोलाइट खडकाच्या भेगांत शिरलेली. सुरुंग लावता येईना, कारण शेजारी किल्ला. अखेर हे काम केले खंडवालियांनी. दगड फोडणे हा त्यांचा पिढीजात व्यवसाय. ते खडकावर हातोडीचा ठोका मारून आवाज ऐकतात आणि तो कुठे भेगाळलेला आहे, कुठे एकसंध, हे सांगतात. त्यांनी छिन्नी-हातोड्याने मुळे खणून काढली. उद्यान 2011 मध्ये लोकांसाठी खुले झाले.

खडकाचा आवाज ऐकून झाडाची जागा ठरते, ही गोष्ट आम्हांला वाङ्मयाच्या अध्यापकांना फार भावली. ती भावली म्हणूनच थोडी धास्तीही वाटली. प्रत्येक गोष्टीचे रूपक करण्याची आमची सवय जुनी आहे. म्हणून तिथे वनस्पतींकडे शक्य तितके वनस्पती म्हणूनच पाहायचे ठरवले. वाळवंट म्हणजे वाळू हा आमचा पहिला गैरसमज तिथेच गळाला. थरच्या वाळूत वाढणारा फोग या खडकावर कामाचा नाही. उद्यानासाठी खडकात जगणारी झाडेच शोधावी लागली. 'मरुभूमी' या एका शब्दाखाली वाळूचे टिब्बे, खडक, मुरमाड सपाटी, खारट खोलगट जागा असे कितीतरी मुलूख असतात आणि प्रत्येकाची झाडे वेगळी. परंपरा 'मरु' या शब्दाचा संबंध मरणाशी जोडते. ही व्युत्पत्ती करणाऱ्यांनी ते मरु बहुधा दुरून पाहिले असावे.

थोराला पाने येतात ती पावसात. ओल संपली की पाने गाळून तो हिरव्या खोडावरच अन्न तयार करतो. त्याच्या काटेरी जाळीत शेळीचे तोंड शिरत नाही, म्हणून इतर झाडांची कोवळी रोपे त्या जाळीच्या आश्रयाने वाढतात. मराठीत या झाडाचे नाव आणि मोठेपणाचे विशेषण एकच आहे, हा निव्वळ योगायोग. पण तिथे उभे असताना तो योगायोग वाटत नव्हता. कैर तर बहुतेक काळ निष्पर्णच असतो, हिरव्या काटक्यांचा गुंता. उन्हाळा तापू लागला की त्यावर विटकरी-तांबडी फुले येतात. त्याची फळे खारवून कडवटपणा घालवतात आणि ती खेजडीच्या शेंगांबरोबर, म्हणजे सांगरीबरोबर, शिजवतात. केर-सांगरीची भाजी आम्ही आदल्या रात्री जेवलो होतो. ती दुष्काळाने शिकवलेली पाककला आहे हे दुसऱ्या दिवशी कळले. रोहिडा नुकता फुलू लागला होता, पिवळा, केशरी, लाल. खडकावर असा रंग पाहून आम्ही काही वेळ बोललोच नाही.

आणि खेजडी. हिच्या रक्षणासाठी 1730 मध्ये खेजडली गावात अमृतादेवींसह 363 बिश्नोई स्त्रीपुरुषांनी प्राण दिले, हे आम्ही पाठ्यपुस्तकातून शिकवलेले. राजस्थानचा हा राज्यवृक्ष. ऐन उन्हाळ्यात, पावसाचा मागमूस नसताना, हिला नवी पालवी येते, कारण मुळे फार खोल जातात. सावलीत पीक बरे येते, पाला गुरांना, शेंगा माणसांना. हे सारे ऐकून आम्ही भारावलो होतो. तेवढ्यात उद्यान दाखवणाऱ्या तरुणाने सहज सांगितले की, ही म्हणजे तुमच्याकडची शमी. आम्ही एकमेकांकडे पाहिले. दसऱ्याला जिची पूजा करतो, विराटाघरी जाण्यापूर्वी पांडवांनी जिच्यावर शस्त्रे लपवली असे दरवर्षी वर्गात सांगतो, ती शमी. आमच्याकडे तिला सौंदडही म्हणतात. महाविद्यालयाच्या मागच्या बांधावर एक आहे. वीस वर्षांत आम्ही तिच्याकडे झाड म्हणून एकदाही पाहिले नव्हते.

परतताना आमच्या सामानात रोहिड्याच्या बियांची एक पुडी होती. पहिली चूक हिरवळीची, दुसरी ही. त्या बिया आम्ही कौतुकाने पिशव्यांत रुजवल्या. काही उगवल्याही. मग एका संध्याकाळी आमच्यातील एकाने विचारले, की पुण्याची हिरवळ आणि जोधपूरचा रोहिडा यांत फरक काय? एक ओल्या प्रदेशाची हौस, दुसरी कोरड्या प्रदेशाची. आपल्या माळावर काय उगवते, हे आपण अजूनही पाहिलेले नाही. प्रश्न बिनतोड होता. त्या उद्यानाचा धडा रोहिड्यात नव्हताच. आपल्या पायाखालचा खडक ऐकण्यात होता. रोपे आम्ही एका स्नेह्याला देऊन टाकली आणि गावाबाहेरच्या माळावर जायला लागलो.

त्या फिरण्यात आमचे गुरू होते मेंढपाळ आणि आमचेच काही विद्यार्थी. आम्ही ज्याला नुसते 'गवत' म्हणत होतो, त्याला त्यांच्याकडे कुसळी, मारवेल, डोंगरी अशी वेगवेगळी नावे होती, आणि प्रत्येक नावामागे कोणते जनावर ते केव्हा खाते याचे ज्ञान होते. जोधपुरात ज्याला कैर म्हणतात, ती इथली नेपती. ओढ्याच्या काठी तिची जाळी सापडली. हिवर, हेंकळ, बोर, तरवड, थोर. म्हणजे राजस्थानशी आमचे सोयरसंबंध होतेच. आम्हांलाच ठाऊक नव्हते. माळढोक पक्ष्याचीही तीच गोष्ट. राजस्थानचा राज्यपक्षी गोडावण तो हाच. सोलापूरजवळ नान्नजला त्याच्यासाठी 1979 मध्ये अभयारण्य झाले, आणि आज आपल्या राज्यात त्याचे दर्शन जवळजवळ दुर्लभ आहे. त्याला झाडी नको असते, उघडे गवत हवे असते. दर पावसाळ्यात माळावर खड्डे घेऊन झाडे लावण्याचे कार्यक्रम आम्हीही विद्यार्थ्यांसह उत्साहाने केले आहेत. 'पडीक' हा शेरा वाचला की तिथे काहीतरी लावलेच पाहिजे असे वाटते. तिथे काय आहे, हे विचारावेसे वाटत नाही.

बाग उभी करायला दोन पावसाळे लागले. प्रथम विकतची काळी माती काढून टाकली. मुरमात जगणाऱ्या झाडांना ती सोसत नाही, पाणी धरून ठेवते आणि मुळे कुजतात. हिवराचे बी गरम पाण्यात भिजवून पेरले, बोराच्या आठळ्या हलकेच फोडून लावल्या, तरवडाचे बी पहिल्या पावसाआधी सरळ जमिनीत टाकले. गुलमोहर, जो मूळचा मादागास्करचा, तो मात्र ठेवला. पंधरा-वीस चिमण्यांनी त्यात संसार मांडला होता आणि तत्त्वासाठी त्यांना उठवणे आम्हांला जमले नाही. रोपांना पहिले वर्षभर आठवड्यातून एकदा पाणी दिले, नंतर बंद. नेपतीची चार रोपे लावली, तीन मेली. चौथी दीड वर्ष तशीच उभी होती, वीतभर. आम्ही ती मेली असे समजून उपटणार होतो. ती त्या काळात खाली वाढत होती, हे पुढे कळले. कोरड्या प्रदेशातली बाग ही अशी मुळांची बाग असते. वर दाखवण्यासारखे फार काळ काही नसते. पाहुणे येत, इकडेतिकडे पाहत आणि बागेचे काय झाले म्हणून विचारीत.

सर्वांत मोठा आक्षेप मात्र घरातूनच आला. आई, म्हणजे आमच्यातील एकाच्या जन्मदात्या आणि दुसऱ्याच्या सासूबाई, ओसरीवर बसून हा उद्योग पाहत असत. 1972 च्या दुष्काळात त्या वीस वर्षांच्या होत्या. रस्त्याच्या कामावर खडी फोडली, सुकडी आणि मिलो खाऊन दिवस काढले. हिवराचे रोप लावताना पाहून त्या म्हणाल्या, "ह्याच काट्यांनी पाय फाटल्यात माझं. ज्येला टाळण्यात जलम गेला, त्ये तुमी दारात आणून लावताय व्हय?" आम्ही पाण्याचे, पक्ष्यांचे, फुलपाखरांचे सांगू लागलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "तुमचं पगार हाईत, बाळांनो. तुमास्नी काटाबी देखणा दिसतोय."

याला आमच्यापाशी उत्तर नव्हते, आणि आजही पुरते नाही. त्यांची हिरवाईची ओढ आमच्या हिरवळीसारखी उसनी नव्हती. ती तहानेतून आलेली होती. आता कृष्णेचे पाणी टेंभू योजनेतून या पट्ट्यात काही गावांना पोचले आहे, डाळिंबाच्या बागा आहेत, ऊस दिसू लागला आहे. ज्यांनी टंचाई भोगली, त्यांनी पाणी आल्यावर हिरवे स्वप्न पाहिले तर त्यांना कोणत्या तोंडाने माळाचे सौंदर्यशास्त्र शिकवायचे? दुसऱ्याच्या डोळ्यातले कुसळ पाहणाऱ्यांनी आपले मुसळ पाहावे, ही म्हण आमच्यावरच उलटली होती. जे सोडून जाता येते, त्याच्यावर प्रेम करणे सोपे असते. आईंना तो पर्याय कधी नव्हता.

या पेचातून वाट दाखवली ती अगदी वेगळ्या दिशेने. तौलनिक साहित्याच्या तासासाठी आम्ही प्राचीन तमिळ संगम काव्यातील 'तिणै' संकल्पना पुन्हा वाचत होतो. तिथे भूमीचे पाच प्रकार मानले आहेत, त्यांना वनस्पतींची नावे दिली आहेत आणि प्रत्येक भूमीला प्रेमाची एकेक अवस्था जोडली आहे. कुरिंजी म्हणजे डोंगर आणि मीलन. मुल्लै म्हणजे कुरण-अरण्य आणि धीराने केलेली प्रतीक्षा. पालै म्हणजे रखरखीत भूमी आणि विरह. पण पालै ही मुळात निराळी भूमी नाही, असेही ती परंपरा सांगते. कुरिंजी आणि मुल्लै उन्हाने होरपळले की त्यांचेच पालै होते. कोरडेपणा हा भूमीचा स्वभाव नसून तिच्यावर आलेला काळ, असा याचा अर्थ घेता येतो. आईंचा माळ हा तो काळ होता. आमचा माळ ही जागा होती. आम्ही दोघे आणि त्या एकाच अंगणात बसून दोन वेगळ्या गोष्टी पाहत होतो, आणि दोन्ही खऱ्या होत्या.

आम्हांला विशेष वाटले ते हे, की त्या कवींनी होरपळलेल्या भूमीलाही काव्यात मानाची जागा दिली, तिला वनस्पतीचे नाव दिले. तेव्हापासून दरवर्षी पदवीच्या पहिल्या वर्गाला आम्ही एक साधा स्वाध्याय देतो. घरातल्या सर्वांत ज्येष्ठ माणसाकडून आसपासच्या दहा झाडांची, झुडपांची किंवा गवतांची नावे आणि त्यांचे उपयोग लिहून आणायचे. पहिल्या वर्षी बहुतेक वह्यांत आंबा, गुलाब, जास्वंद होते. मुलांना वाटले, मास्तरांना हेच हवे असणार. आता वह्यांत अशी नावे येतात, की आम्हांलाच शब्दकोश उघडावा लागतो आणि काही वेळा तो मिटून ठेवावा लागतो. एका मुलाने लिहिले होते, की आजीने सांगितलेली तीन गवते तिला स्वतःलाच आता ओळखता येत नाहीत. नुसती नावे उरली आहेत. त्याला आम्ही पूर्ण गुण दिले.

अंगणात आता तरवड कमरेपर्यंत आला आहे. कुसळीचा एक पट्टा आहे. तिच्या बीला पिळदार शेपूट असते. पहिला पाऊस पडून ओल लागली की ते शेपूट उलगडत, फिरत बीला मातीत स्क्रूसारखे खुपसते. हे पाहण्यासाठी गेल्या जूनमध्ये आम्ही भर पावसात छत्री घेऊन उकिडवे बसलो होतो. आई ओसरीवरून म्हणाल्या, "गवात पेरताना माणसं बघितली न्हवती कदी, त्येबी बघितलं."

त्यांनी स्वतः मोरीच्या तोंडाशी एक मोगरा लावला आहे. अंघोळीचे सांडपाणी त्याला जाते आणि त्याला अमाप फुले येतात. देशी-विदेशीची आणि पाण्याच्या हिशेबाची आमची सारी चर्चा त्या मोगऱ्यापाशी थांबते. गेल्या भाद्रपदात आम्ही तरवड छाटायला कात्री घेतली, तेव्हा मात्र त्यांनी अडवले. नवरात्रात घटाला तरवडाच्या फुलांची माळ लागते. लहानपणी त्या माळावरून ओटीभर फुले आणीत. "आत्ता हात लावू नगा त्येला," त्या म्हणाल्या, "नऊ दिवस झालं की मग काय करायचं त्ये करा." आम्ही कात्री ठेवून दिली.